जाळीची कड

डॉक्टरांनी जांभळ्या शाईच्या पेनाने तिच्या डोक्यावर पहिली रेघ ओढली, तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या टोपवाल्याने नकळत मान तिरकी केली. नटांच्या कपाळावर केसांची हद्द आखताना तो अशीच मान तिरकी करत असे. डॉक्टरांचा हात स्थिर होता. रेघ कुठेही थरथरली नाही. पहिल्या शस्त्रक्रियेचा तो गुळगुळीत, बिनकेसांचा डाग, त्याच्या पुढच्या अंगाला वर आलेली तांबूस, खपली धरलेली गाठ आणि तिच्याभोवतालची निरोगी कातडी, सारे त्या रेघेच्या आत गेले. मग पेन कानामागून खाली उतरले आणि मानेच्या उजव्या बाजूला येऊन थांबले.

"ही मानेतली गाठ कधी लक्षात आली?"

"सहामाही परीक्षेच्या सुमाराला," त्याची बायको म्हणाली.

"आणि डोक्यावरचं?"

"ते आधीच. शाळा सुरू झाली तेव्हाच होतं थोडं."

"मग इतके दिवस कुठं होतात? पहिल्या ऑपरेशननंतर तपासणीला यायचं सांगितलं होतं ना?"

आता ती आपल्याकडे बघेल, असे टोपवाल्याला वाटले. तिने बघितले नाही. समोरच्या भिंतीवर माणसाच्या मानेतल्या शिरांचे रंगीत चित्र टांगले होते, त्याकडे पाहत ती म्हणाली, "गमाचं असेल, असं वाटलं आम्हाला. टोप चिकटवायला गम लागतो. कुणाकुणाला त्याचे चट्टे उठतात."

"टोप?"

"हे टोप करतात. नाटकांचे."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावले. त्या 'अच्छा'त राग नव्हता, आश्चर्यही नव्हते. टोपवाला मात्र स्टुलावर आक्रसून बसला. अर्धा दोष तिने सहज उचलून स्वतःच्या अंगावर घेतला होता; जणू बाजाराच्या दोन पिशव्यांपैकी एक तिची.

ती शाळेत खेळाची बाई होती. उभे आयुष्य तिने मैदानावर, भर उन्हात, मुलांकडून कवायत करून घेण्यात घालवले. टोपी तिने कधी घातली नाही. टोपी घातलेल्या बाईचे ओरडणे मुले मनावर घेत नाहीत, असे तिचे ठाम मत होते. ऊन भांगाच्या रेघेवर वर्षानुवर्षे पडत राहिले आणि एके दिवशी तिथे न भरणारी जखम झाली. पहिल्या वेळी डॉक्टरांनी तेवढी जागा काढून मांडीची कातडी लावली होती. घरी परतल्यावर ती म्हणाली होती, "रुमाल बांधीन. त्यात काय?"

"मुलं हसतील."

"हसू देत की. एरवी माझ्यासमोर हसायची त्यांची छाती होते कुठं?"

त्याने ऐकले नाही. शस्त्रक्रियेआधी उतरवलेले तिचे लांब केस त्याने मऊ फडक्यात जपून ठेवले होते. धुक्यासारख्या तलम जाळीवर, आकड्याच्या सुईने, एकेक केस ओवून त्याने तिचाच टोप तिच्यासाठी केला. कानशिलावरची पांढरी छटासुद्धा जिथल्या तिथे ठेवली. रंगभूमीवरच्या कुठल्याच राजासाठी त्याने इतका जीव ओतला नव्हता. तो टोप घालून ती आरशासमोर उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मीच आहे ही." त्या तीन शब्दांवर तो कित्येक दिवस जगला. शाळेतल्या शिपायाने तर तिला विचारलेही, "बाई, तुमचं ते ऑपरेशन रद्द झालं वाटतं?" ती हकिकत तिने घरी येऊन सांगितली तेव्हा दोघे पोट धरधरून हसले होते.

पुढे कपाळाच्या वर, जाळी जिथे गमाने चिकटते तिथे, लालसर चट्टा उठला. "डॉक्टरांना दाखवू का हो?" तिने विचारले होते. त्याने तिला दिव्याखाली बसवले आणि कड पाहिली. आधी जाळीची कड पाहिली, ती सुटत तर नाही ना म्हणून, मग कातडीची. असे चट्टे त्याने नटांच्या कपाळांवर इतके पाहिले होते की त्याला विचार करावाच लागला नाही. "गमाचं आहे," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात सगळ्यांना होतं." त्याने गम बदलला, जाळी थोडी मागे सरकवली, नटांना द्यायचा तोच मलम तिला लावला. चट्टा काही दिवस फिका पडला आणि त्याला स्वतःचे कौतुक वाटले. तपासणीची तारीख नाटकांच्या हंगामात आली आणि गेली. "तुम्ही म्हणताय तर राहू दे," ती म्हणाली होती.

शेवटी शाळेत मुलांचे आरोग्य तपासायला आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी मुलांची रांग संपल्यावर तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "बाई, तुमच्या मानेला काय झालंय?"

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी तो आणि बायकोची धाकटी बहीण बाहेरच्या बाकावर बसून होते. मेहुणी थर्मासमधला चहा पुन्हा पुन्हा पुढे करत होती.

"भाऊजी, घोटभर तरी घ्या. तुम्ही आडवे झालात तर ताईकडं कोण बघणार?"

"नको."

"आमच्या ह्यांना साधं डोकं दुखतंय सांगितलं तर पेपरातून मान वर काढत नाहीत. तुम्ही तिच्यासाठी केसन् केस ओवलात. नशीब लागतं बाई असा नवरा मिळायला."

तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. केसाने गळा कापणे, हे शब्द कुठूनसे त्याच्या मनात आले. शाळेत असताना त्यांचा त्याने वाक्यात उपयोग केला होता, गुरुजींनी शाबासकीही दिली होती. त्याने ते शब्द झटकून टाकायचा प्रयत्न केला; पण कपड्याला चिकटलेला केस जसा झटकून जात नाही, तसे ते गेले नाहीत.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ उमटला होता. ते थकलेले होते, पण सावकाश बोलले. रोग कवटीच्या हाडाला टेकला होता, म्हणून हाडाचा वरचा पापुद्रा घासून काढावा लागला. आतले हाड चांगले आहे. डोक्याच्या मागची कातडी रक्तवाहिन्यांसकट फिरवून पुढे आणली आणि मागे उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची कातडी लावली. मानेच्या उजव्या बाजूच्या गाठी आणि कानाखालच्या लाळग्रंथीचा काही भाग काढला.

"हात?" मेहुणीने विचारले. "कवायत शिकवते हो ती."

"खांद्याची नस वाचवलीय. पण तिची बरीच ओढाताण झालीय, त्यामुळं काही महिने रुसून बसेल. हात वर जायला वेळ लागेल. जखमा भरल्या की किरणोपचार द्यायचे."

डॉक्टर वळले. टोपवाला त्यांच्यामागे चालू लागला आणि जिन्यापाशी त्याने त्यांना गाठले.

"डॉक्टर, गमाचं आहे असं मी म्हणालो होतो. ती नाही. ती तुमच्याकडं यायचं म्हणत होती."

"हं."

"तेव्हाच आणलं असतं तर?"

डॉक्टरांनी कठड्यावर हात टेकला. खोटे बोलावे की नाही, याचा ते क्षणभर विचार करत असावेत. "तर लहान ऑपरेशनवर भागलं असतं. मानेपर्यंत कदाचित गेलंही नसतं. कदाचित. हा आजार असा आहे की छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही."

टोपवाला उभाच राहिला. आणखी काहीतरी मिळेल, एखादा कठोर शब्द तरी पदरात पडेल, अशी त्याची अपेक्षा होती.

"घरी पट्टी कोण करणार?" डॉक्टरांनी विचारले. "तुम्हीच ना? मग सिस्टरकडून शिकून घ्या," आणि ते जिना उतरून गेले.

*

तो शिकला. जाळीदार कापडाच्या घड्या, चिमट्याची पकड, जखमेच्या कडेने पुसत जायची रीत; हे सारे त्याच्या बोटांना उपजत यावे तसे आले. एका रिकाम्या ट्रेवर त्याचा सराव पाहून सिस्टर म्हणाली, "काका, किती हलका हात आहे हो तुमचा! आमच्या शिकाऊ मुलींना दाखवायला हवा."

पलंगावरून बायकोचा आवाज आला. अजून तो जड आणि एका बाजूने येत होता. "सिस्टर, पट्टी तुम्हीच करा. घरी गेल्यावर बहीण करेल."

"अहो बाई, पण काकांचा हात बघितलात का?"

"माहीत आहे मला त्यांचा हात."

सिस्टर हसली. तिला त्यात लाडिक तक्रार ऐकू आली असावी. टोपवाल्याने चिमटा ट्रेमध्ये आवाज न करता ठेवला.

त्याच दुपारी राजे आले. जन्मभर राजांच्या भूमिका केल्यामुळे त्यांना हेच नाव पडले होते, आणि वॉर्डाच्या दारातूनही ते दरबारात शिरावे तसे शिरले. हातात फळांची पिशवी, गळ्यात खर्जातला आवाज.

"वहिनी, हे काय! आम्ही रोज रंगमंचावर मरतो आणि कपभर चहा घेऊन घरी जातो. तुम्ही एकदम खऱ्यालाच हात घातलात?"

"तुमचं मरणं बघूनच शिकले," ती म्हणाली. हसताना तिने मानेवरची पट्टी डाव्या हाताने दाबून धरली. "फक्त टाळ्या नाही पडल्या."

"वा! जीभ शाबूत आहे म्हणजे माणूस शाबूत आहे." राजे खूश होऊन स्टुलावर बसले. त्यांनी टोपवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "आणि हा गडी पाठीशी असल्यावर तुम्हाला कसली काळजी? वहिनी, सांगतो तुम्हाला, याच्या नजरेला तोड नाही. एकदा माझं कपाळ असं लाल झालं होतं, मी घाबरलो, म्हटलं आता मोठ्या डॉक्टरकडं जावं. यानं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, गमाचं आहे, रात्री मलम लावा. सकाळी साफ! नुसतं बघून सांगतो हो हा. हात लावायची गरज नाही."

वॉर्डात कुणाच्या तरी चमच्याचा आवाज होत होता. टोपवाला पिशवीतली फळे बाहेर काढून उगाच पुन्हा आत ठेवू लागला. ती छताकडे पाहत होती. तिच्या एका शब्दाने राजे गप्प झाले असते, आणि तो शब्द ती बोलली असती तर टोपवाल्याला बरे वाटले असते.

"हो," ती म्हणाली. "त्यांना कड बरोबर दिसते."

राजे गेल्यावर तो पलंगाजवळ आला. "अगं, मी..."

"आत्ता नको."

"पण मला..."

"अहो, मला तुमच्यावर ओरडायचंय. पोटभर ओरडायचंय. पण तोंड मोठं उघडलं की टाके ओढतात. थांबा थोडे दिवस."

त्या बोलण्याने त्याला विचित्र दिलासा मिळाला. ओरडणे ठरले होते. आता फक्त वाट पाहायची होती. मानेतली नळी निघाली, तिला जोडलेली रक्ताळलेल्या पाण्याची छोटी बाटली कमरेवरून उतरली, टाके निघाले. काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल आला: सगळ्या कडा स्वच्छ होत्या, मानेतल्या काही गाठींत रोग होता. ती घरी आली. ती ओरडली नाही.

*

घराच्या पुढच्या खोलीत त्याचे काम चाले. फळ्यांवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली असत. "घरात एवढी डोकी, पण वेळेला चालत एकही नाही," असे ती पूर्वी आल्यागेल्याला सांगे. आता त्या खोलीत ती येत नसे. तिचा टोप त्याने खोक्यात घालून ठेवला होता. तिने त्याविषयी विचारले नाही. कपाळापासून मागे तिने सुती रुमाल बांधला, जो तिला पहिल्यापासूनच चालणार होता. पट्टी मेहुणी करत असे, दार लोटून. पलीकडून दोघी बहिणींचे बोलणे ऐकू येई, कधी हसणेही. टोपवाला सुई हातात धरून बसे. समोर नव्या नाटकाचे काम पडलेले असे आणि जाळीची कड त्याला दिसेनाशी होई.

खांद्यासाठी तिला एक व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभे राहायचे आणि उजव्या हाताची बोटे कोळ्यासारखी वर चढवत न्यायची. कोणीतरी मागून खांद्याचे पाते तळव्याने दाबून धरायचे, नाहीतर ते पंखासारखे बाहेर येते आणि हात अर्ध्यावरच अडतो. रोज सकाळी मेहुणी पाते धरे आणि भिंतीवर नखांचा बारीक खरखर आवाज होई. थोडा वर चढे, थांबे, घसरून खाली येई. एकेकाळी जिच्या एका हाताच्या इशाऱ्यावर सबंध मैदानातले हात आभाळाकडे जात, तिचा तो हात. टोपवाला पुढच्या खोलीत तो आवाज ऐकत राही. त्याला कोणी बोलावत नसे.

मग मेहुणीला तिच्या घरी परतावे लागले. डोक्यावरची जखम तोवर भरली होती. पट्टीची गरज उरली नव्हती; किरणोपचार अजून सुरू व्हायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नखांचा आवाज सुरू झाला, लगेच थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला.

"अहो," आतून हाक आली. "इकडं या."

तो गेला. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. खिडकीतून सकाळचे लख्ख ऊन तिच्या अंगावर पडले होते. रुमाल खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. तो दारातच थबकला.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं," ती भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली.

"एकदा. दिव्याखाली बसवून..."

"दोनदा. ते चट्ट्याचं एकदा. मग मानेत गाठ आली तेव्हा पुन्हा. राजेंच्या नाटकाचं काम चाललं होतं. मी दारात उभी राहिले, म्हटलं, मानेत हे काय आलंय बघा ना. तुमच्या तोंडात दोरा होता. तुम्ही वरसुद्धा बघितलं नाहीत. म्हणालात, इलॅस्टिक घट्ट झालं असेल, ढिलं करून देतो."

टोपवाल्याला इलॅस्टिक ढिले केल्याचे आठवत होते. सकाळी ती उठायच्या आत त्याने ते उसवून नव्याने शिवले होते, आणि आपण बायकोची किती काळजी घेतो असे वाटून त्याला उगाच भरून आले होते. तिने विचारल्याचे मात्र त्याला आठवत नव्हते. कितीही आठवून पाहिले तरी आठवत नव्हते. इतके दिवस तो ज्या अपराधाखाली वाकून चालत होता तो अर्धाच होता, आणि उरलेला अर्धा त्याच्या ध्यानीमनीही नव्हता.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"मला आठवतं."

"ओरड ना मग."

"काल रात्रीपासून जमवतेय. आता उभी राहिले तर येईना." तिने श्वास सोडला. "तेवढी ताकद हातात घालवू दे. पातं धरा. डोक्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

त्याने तळवा तिच्या खांद्याच्या पात्यावर ठेवला. इतक्या दिवसांत तिच्या अंगाला झालेला हा त्याचा पहिला स्पर्श होता. कातडीखाली हाड सैल, बिनधन्याचे असल्यासारखे हलत होते. तिची बोटे भिंतीवर चढू लागली, दिव्याच्या बटणापर्यंत गेली आणि थरथरत थांबली.

"दाबा. अजून."

त्याने दाबले. तिचे डोके आता त्याच्या हनुवटीखाली होते, उघडे, उन्हात. फिरवून आणलेल्या कातडीचा तो लांब वळणदार सांधा, मागची जाळीदार खडबडीत जागा, मध्येच फुटलेले आखूड केस. सांध्याच्या एका वळणावर तांदळाच्या दाण्याएवढा लालसर उंचवटा होता.

"आता समोरच आहात तर बघून घ्या," ती भिंतीकडे पाहतच म्हणाली. "बहिणीला तिथं काहीतरी लाल दिसलं. टाक्याचं असेल म्हणाली. तुम्हाला काय वाटतं?"

त्याने पाहिले. अनेक वर्षांच्या सवयीने ओठांवर एक उत्तर तयार होते. ते बहुधा बरोबरही असेल. तो पुन्हा वाकला, पुन्हा पाहिले. त्याचा तळवा तिच्या पाठीवर ओलसर झाला होता.

"मला नाही कळत," तो म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही गं. आजच डॉक्टरांकडं जाऊ."

तिची बोटे बटणापाशी क्षणभर तशीच राहिली. मग तर्जनी हलली, तिच्यामागून मधले बोट. आणि भिंतीच्या चुन्यावर पुसट ओरखडा उठवत हात थोडा वर गेला.